अक्काचा रिपोर्ट

"तुमच्या रक्तातली चरबी ठीक आहे. तुमच्या बहिणीची मात्र फार जास्त निघाली," डॉक्टर कागद बघत म्हणाले. माझी थोरली बहीण, अक्का, शेजारीच बसली होती. आणि मला, खरं सांगते, बरं वाटलं.

तेव्हा मी एकतीस वर्षांची होते. आम्ही कानडी मुलखात, चामराजपेटेत राहायचो. यजमान सरकारी कारखान्यात इंजिनियर. दोन महिन्यांपूर्वी चूल फुंकता फुंकता माझा उजवा हात एकाएकी लुळा पडला, तोंडातून शब्द फुटेना. अर्ध्या तासानं सगळं ठीक झालं. आठवड्यानं पुन्हा तेच, आणि या वेळी हात उचलेना तो उचलेनाच.

निपाणीहून अक्का धावत आली. घर तिनं हातात घेतलं. माझी पाच वर्षांची मालू तिच्याच कुशीत शिरू लागली. यजमान म्हणायचे, "अक्का, आमटी फक्कड झालीय." मला डॉक्टरांनी तूप बंद केलेलं, अक्का स्वतःच्या भातावर धार धरायची. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी, तरी धडधाकट. मला तिचे दोन्ही हात बघवत नसत.

रक्तातल्या या चरबीला कोलेस्टेरॉल म्हणतात. ती वाढली की रक्तवाहिन्या चोंदतात. ते घराण्यात आहे का, हे पाहायला अक्काचंही रक्त घेतलं होतं.

मग माझा अँजिओग्राम झाला. मानेतल्या रक्तवाहिनीत औषध टोचून डोक्याचे एक्स-रे काढतात. "स्वल्प दुखेल, थोडंसंच," कानडी नर्स म्हणाली. डोकं आतून पेटल्यासारखं वाटतं, पण क्षणभरच. घाबरू नका.

"मेंदूच्या तळाशी मोठ्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्यात, भोवती बारीक वाहिन्यांचं जाळं आहे. मी असं कधी पाहिलं नव्हतं," डॉक्टर म्हणाले. "यात चरबीचा दोष नाही. जोरानं फुंकू नका, धाप लागू देऊ नका. औषध माझ्याकडे नाही."

घरी अक्का कोरडाच भात कालवत बसली. तुपाचं भांडं माझ्याकडे सरकवत म्हणाली, "घे. तुला आता चालतं."

मला राहवलं नाही. "अक्का, तुझा रिपोर्ट ऐकून मला आनंद झाला होता."

"दिसलं मला," ती म्हणाली. "मालूला घास भरवते तेव्हा तुझं तोंड पडतं, तेही दिसतं. मग काय करू, पोरीला उपाशी ठेवू?"

दुसऱ्या दिवशी तिनं मालूचं ताट माझ्यापुढे ठेवलं. मी डाव्या हातानं भरवू लागले. अर्धं सांडायचं. मालू कुरकुरायची, "मावशी भरवू दे." मी हट्टानं पुढचा घास कालवायचे.

हात वर्षभरात बराचसा परत आला. बोटं अजून बधिर आहेत.

आजारात तुम्हालाही धडधाकट माणसाचा हेवा वाटेल, बहुधा जो सेवा करतो त्याचाच. त्याला एकदा सांगून टाका. अक्का निपाणीला निघाली, तेव्हा मालूच्या आधी मीच तिला बिलगले.