त्यांच्या कपाची बशी

आमच्या यांच्या चहाच्या कपाची बशी त्यांच्या तेराव्याच्या गर्दीत फुटली. कोणाच्या हातून ते कळलं नाही, आणि मी विचारलंही नाही. कप तेवढा राहिला. पांढरा, काठाला निळी रेघ, बूड रुंद. दुकानात नुसती बशी मिळत नाही. इंदापुरातल्या भांडीवाल्याने मला सहा कपबशांचा सेट दाखवला आणि म्हणाला, "बाकीच्या राहू द्या की पाहुण्यांना." पाहुण्यांची मला तेव्हा फार भीती वाटत होती.

म्हणून भाचीने बारामतीतल्या मातीकामाच्या वर्गाची जाहिरात मोबाइलवर पाठवली, तेव्हा मी ताबडतोब हो म्हटलं. तिला वाटलं, मावशी माणसांत येतेय. मी बशी करायला चालले होते. हे मात्र कोणाला सांगितलं नाही. सगळी नोकरी कॉलेजच्या ग्रंथालयात गेली; न बोलण्याची मला सवय आहे आणि लोकांचीही माझ्याकडून तीच अपेक्षा असते.

वर्ग शनिवारी, एका बंगल्याच्या गच्चीवर, पत्र्याच्या शेडमध्ये. शिकवणारी मुलगी पुण्यात कला शिकून आलेली, आम्हा सगळ्यांपेक्षा लहान, पण सगळे तिला ताई म्हणायचे. विद्यार्थी तिघेच टिकले. मी, सांगवीच्या एक वहिनी, ज्यांच्या घरी भाजीपाल्याची शेती आहे, आणि सोमेश्वरनगरचे तात्या, साखर कारखान्यातून निवृत्त झालेले. तात्या झाकणाची डबी करत होते. कशासाठी विचारलं तर म्हणायचे, "लवंगा ठेवायला." त्यांच्या अंगठ्यावरचा चुना सगळ्यांना दिसत होता.

नवशिक्यांनी चाकाला हात लावायचा नाही, सगळं हातानं घडवायचं, हा ताईचा नियम. माती लाटण्याने लाटायची, दोन्ही बाजूंना लाकडी पट्ट्या ठेवून, म्हणजे जाडी सारखी राहते. वहिनींनी लाटणं बाजूला सारलं, तळहात पाण्यात बुडवला आणि परातीसाठीची माती सरळ थापायला घेतली.

"वहिनी, इतकं पाणी नको," ताई म्हणाली.

"अगं, पाण्याबिगर भाकरी फिरंल का?"

"ही भाकरी नाहीये."

"न्हाय तर न्हाय. पण गोल बघ कशी झाली."

गोल खरोखरच झाली होती. माझी लाटलेली माती मात्र चारी बाजूंनी वेगवेगळ्या मतांची होती. मी त्यावर झाकणी ठेवून कडेने कापली, काठ जरा उचलले, आणि कोणी बघत नाही असं पाहून पिशवीतून कप काढला. मधोमध अलगद दाबला. बुडाचा गोल ठसा उठला, अगदी मापात. ताईने तिघांच्या वस्तू फळीवर ठेवून वर प्लास्टिक घातलं आणि बजावलं, "हळूहळू सुकू दे. कोणी उघडू नका."

पुढच्या शनिवारी माझी एसटी उशिरा पोचली. शेडमधली फळी रिकामी. बाहेर भर उन्हात गच्चीवर जुनं धोतर पसरलेलं, त्यावर वहिनींची परात, तात्यांची डबी आणि माझी बशी. शेजारी तात्या काठी घेऊन बसलेले.

"मॅडम, समदं ओलंच हुतं की!" वहिनी म्हणाल्या. "प्लास्टिकखाली घाम सुटला हुता. म्हटलं, कुरड्या घालतो तसं घालू. दुपारपतूर कडक हुईल."

"मी राखण करतोय," तात्या म्हणाले. "कावळा लई वंगाळ."

"कावळा माती खातो का, तात्या?"

"त्याला काय ठावं, माती हाय म्हणून?"

तोवर बशीची एक बाजू तळणीतल्या पापडासारखी उचलली होती आणि काठापासून ठशातून आरपार भेग गेली होती. ताई जिना चढून आली आणि कपाळाला हात लावून उभी राहिली. मग तिने समजावलं की उन्हात कडा आधी सुकतात, मधला भाग ओला राहतो, आणि दोघांच्या ओढाओढीत माती फाटते. वहिनींनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मग कुरडई कशी न्हाय फाटत?"

मला हसू फुटलं, हे बरं झालं. नाहीतर मातीच्या एका बशीपायी डोळ्यांत पाणी का आलं, ते सांगत बसावं लागलं असतं.

दुसऱ्या बशीची माती वहिनींनी स्वतः मळून दिली. कप मी पुन्हा चोरूनच दाबला. तात्यांनी प्लास्टिकच्या कडांवर विटा मांडल्या आणि जाहीर केलं, "आता उसातनं बिबट्या आला तरी उघडणार न्हाय."

बशी भट्टीत दोनदा भाजून, चकाकी चढून आली. निळसर, जड, जराशी कललेली, पण अखंड. मला धीर धरवला नाही. सगळ्यांसमोर पिशवीतून कप काढला आणि ठेवला. तो बसेना. बूड ठशाच्या कडेवर चढून डुगडुगायला लागलं.

"भाजल्यावर माती आकसते," ताई म्हणाली. "पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

सांगितलं होतं. मला आठवतही होतं. ते माझ्या बशीलाही लागू होईल, असं मात्र वाटलं नव्हतं.

"कपाच्या मापाची हवी म्हणाला असतात, तर मी वाढवून दिलं असतं माप."

"कुणाचा कप ह्यो?" वहिनींनी विचारलं.

"आमच्या यांचा. बशी त्यांच्या तेराव्याला फुटली."

मग तात्यांनी घसा साफ केला.

"ते च्या कपानं प्यायचे, का बशीत वतून?"

"बशीत."

"आन् तवा कप कुठं असायचा?"

मला आठवावं लागलं. "टेबलावर."

"मग हिच्यावर कप बसला न्हाय तर काय बिघडलं?"

वहिनींनी पिशवीतला थर्मास उघडला, कप भरला, कपातून बशीत चहा ओतला आणि मला न विचारता आधी स्वतः प्यायल्या. "गळतीबिळती काय न्हाय," त्या म्हणाल्या. "पण जड हाय बया. दोन हात लागत्यात."

मग पुन्हा ओतून त्यांनी बशी माझ्या हातात दिली. दोन हात खरंच लागत होते. लाटणं आणि पट्ट्यांच्या मधे टेबलावर कप उभा होता, अजून अर्धा भरलेला. बशी उथळ झाली होती. कपातला चहा संपेपर्यंत मला पुन्हा पुन्हा ओतून घ्यावा लागला.