शिळं पाणी

घमेल्यातली बेडकांची पिल्लं पोटं वर करून तरंगत होती. पाहुणी मुलगी धडगावहून जीपने नुकतीच उतरली होती. पिशवी खांद्यावर तशीच ठेवून ती घमेल्यापाशी बसली आणि रडायला लागली.

माझी सून म्हणाली, "मी काय विष टाकं का? पानी शिळं व्हतं, म्हनीसन बदलं."

आमच्याकडे सकाळी शिळं पाणी ओतून देतात आणि ताजं भरतात. सून माहेराहून आदल्या संध्याकाळीच आलेली, तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिने पाहुणीचं घमेलं घासून नळाचं पाणी भरलं. त्या दिवशी गावच्या टाकीत जंतू मारायची पावडर टाकलेली, पाण्याला वास येत होता.

मुलगी बेडकांवर शिकत होती, आमच्या पडवीत राहायची. आमच्या गुरांच्या पाण्याच्या हाळाच्या भिंतीवर एका मादीने फेसाचं घरटं केलं. तिच्या पाठीवर मोठा नर होता, आणि एक बारका नर बाजूला चिकटलेला. मुलीने तिघांना पकडलं, तोंडात कापूस फिरवला आणि सोडून दिलं. लेकरांच्या अंगात आईबापाच्या खुणा असतात, त्या शहरात यंत्रावर जुळवतात म्हणे. बारक्याचीही लेकरं होतात का, आणि झाली तर जगतात का, एवढंच तिला बघायचं होतं. तिघंही हाती लागलेलं घरटं हे एकच, म्हणून त्यातली पिल्लं तिने हाळाच्या पाण्यासकट घमेल्यात ठेवली होती.

शेजारीण म्हणायची, "बारका तो बिनबोलावनाना वऱ्हाडी. त्याले काय भेटस?"

मीही चिडवायचे, "बेडकास्ना बाप शोधाले इतलं शिकनी का तू?" ती हसायची.

त्या दिवशी हसण्यासारखं नव्हतं. मी म्हटलं, "रडानं मंग, पहिले बादली धर."

हाळात हिरवं, शेवाळलेलं पाणी होतं. पिल्लं फेसातून त्यातच पडली होती. मी तेच बादलीत भरलं. हलणारी पिल्लं मुलीने चहाच्या गाळणीने उचलून त्यात सोडली. सून न सांगता दुसरी बादली घेऊन आली. मेलेली पिल्लं मुलीने स्पिरिटच्या बाटलीत ठेवली. त्यांच्याही खुणा लागतात म्हणाली.  रात्री ती आणि सून एका ताटात जेवल्या.

वाचलेल्यांना पाय फुटले, शेपट्या गेल्या. मुलीने प्रत्येकाच्या तोंडात कापूस फिरवला आणि त्यांना हाळापाशी सोडलं.

उन्हाळ्यात तिचा फोन आला. मेलेल्यांत दोन्ही नरांची लेकरं होती. वाचलेल्यांत जास्त मोठ्या नराची. दोन बारक्याची.