लवूने ठेवलेली गळती

आचऱ्याला आमच्या वाडीत लवू परबाइतका बढाईखोर माणूस नव्हता, आणि त्याच्याइतकं कोरडं छप्पर करणाराही नव्हता. पावसाआधी घरोघरची कौलं उतरवायची, झाडायची, फुटकी बदलून पुन्हा रचायची, हा त्याचा धंदा. काम संपवून शिडीवरून उतरला की अंगणाच्या मधोमध उभा राहून ऐकवायचा, "माझ्या हातच्या छपरातून थेंब पडलो, तर परत शिडयेर पाय ठेवचंय नाय!" पंचवीस वर्षं तो हे ऐकवत होता आणि थेंब काही पडत नव्हता. त्यामुळे त्याचं तोंड बंद करायची कुणाला सोयच राहिली नव्हती.

मी मूळचा बांद्याचा. साठ साली आचऱ्याच्या शाळेत मास्तर म्हणून आलो आणि नर्मदाकाकींकडे एका खोलीत भाड्याने राहू लागलो. काकींचे यजमान गुरुदासतात्या मुंबईत एका साहेबाच्या बंगल्यावर बटलर होते. नोकरी संपवून गावी आले ते साहेबाच्या बागेतलं काचघर डोक्यात घेऊनच. घराच्या बाजूच्या पडवीवर त्यांनी कौलांऐवजी काचा बसवल्या, आणि खाली लाकडाच्या तुकड्यांना काथ्या गुंडाळून त्यावर सीतेची वेणी लावून ओळीने टांगली. हे फूल रानात झाडांवर फुकट मिळतं, त्याला काचेचा महाल कशाला, म्हणून सारी वाडी हसली. तात्या रोज सकाळी आत जाऊन दार लावून घेत. ते आत बसून चिरूट ओढतात, अशी काकींची पक्की खात्री होती.

मी आलो त्याच्या आदल्या पावसाळ्यात तात्या गेले. त्याच आठवड्यात माडाची झावळ कोसळली. दोन काचा तडकल्या आणि घराचं छप्पर व काचा यांच्यामधली पोफळीची पन्हळ चिरली. तेव्हापासून पडवी गळायला लागली. दोन पावसाळे काकींनी चालवून घेतलं. मग भिंतीला ओल चढली आणि एकसष्टच्या वैशाखात त्यांनी लवूला बोलावलं.

लवूची खरी पंचाईत इथे झाली. कौलांवर तो पायांनी काम करायचा. खालचा वासा कुजलाय की नाही हे त्याच्या तळव्यांना कळायचं. काचेवर पाय कसा देणार? त्याने आडवी फळी टाकली, तिच्यावर पालथा पडला आणि तीन दिवस हातभर अंतरावरून काचांशी भांडत राहिला. नव्या काचा घातल्या, फटींत तेलात मळलेली खडूची लांबी भरली, पोफळीचं नवं खोड पोखरून पन्हळ केली. वरून चार कळश्या ओतून पाहिल्या आणि अंगणात उभा राहून आपलं ठरलेलं वाक्य ऐकवलं.

पाऊस लागला. पडवीत थेंब नाही! भर पावसात लवू मुद्दाम येई, आत उभा राहून वर बघे, काकींचा चहा पिई आणि खूश होऊन जाई.

पण आषाढ सरता सरता सीतेच्या वेण्यांची पानं सुरकुतली. बाहेर कुंपणाचे खुंटसुद्धा पालवलेले आणि आत मात्र मरणकळा. शेजारचा महादू म्हणाला, दृष्ट लागली. मी शिकलेला, म्हणून कीड लागली असं ठरवलं आणि तंबाखूचं पाणी फवारलं. चार दिवसांत दोन झाडं पार गेली. काकी पदर डोळ्यांना लावून म्हणाल्या, "तेंची एवढीच वस्तू माझ्याकडे रवली होती, मास्तर." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

लवू आला. त्याने एका झाडाच्या काथ्यात बोट खुपसलं. काथ्याचा भुसा खाली पडला.

"वयनी, हेंका पाणी कोण घालता?"

"पावसात? पाणी?" काकी म्हणाल्या.

आषाढात झाडांना पाणी घालायचं, हे आमच्यापैकी कुणाच्या बापजाद्यांनी केलं नव्हतं. उन्हाळ्यात काकी न चुकता घालत. पावसात दोन वर्षं ती फुटकी पन्हळच घालत होती, आणि लवूने ती बंद केली होती.

काकी उंबऱ्यावर बसल्या. "माका एकदा म्हणालेले, पावसात झाडांक पाणी घालूक जातंय म्हणान. मी हसलंय. माका वाटला, चिरूट लपवतत."

दुसऱ्या दिवसापासून साठीच्या काकी स्टुलावर चढून तांब्याने पाणी घालायला लागल्या. मी घालतो म्हटलं, तर तंबाखूच्या पाण्यानंतर मला आत मज्जाव होता. झाडं सावरली. पण एका सकाळी लवू आला तेव्हा काकी स्टुलावर टाचा उंचावून उभ्या होत्या आणि स्टूल डुगडुगत होतं. लवूने धावत येऊन ते धरलं. त्याचा थोरला भाऊ बाबली छपरावरून पडून जन्माचा लंगडा झाला होता. चहा न घेताच तो निघून गेला.

संध्याकाळी आला तो भोकं पाडायचा सामता घेऊन. शिडी लावली, वर चढला आणि बराच वेळ काही करीना. खाली महादू आणि आणखी चौघं जमले होते. मग त्याने आपल्याच हातच्या नव्या पन्हळीला, उरलेल्या सात झाडांसाठी, ओळीने सात भोकं पाडली, प्रत्येकात बांबूची बारीक नळी बसवली आणि तिचं तोंड लांबीतून आत एकेका झाडावर सोडलं. जास्त झालं तर बंद करायला खुंट्याही करून दिल्या. सर आली. सातही झाडांवर टपटप सुरू झाली.

महादूने साधून घेतलं. "काय रे लवू, शिडी कितक्याक विकतलंस?"

"थेंब पडूक नाय रे," लवू वरूनच म्हणाला, "मी पाणी घातलंय." पण त्या दिवशी अंगणातलं भाषण झालं नाही.

पुढच्या वैशाखात सातही झाडं फुलली. काकींनी सगळ्यात लांब तुरा तोडून लवूच्या बायकोला, शेवंतीला, दिला. तो माळून ती देवळात गेली. कुणीतरी विचारलं, "शेवंती, खंयचा गो फूल?"

शेवंतीच्या आधी लवूच छाती काढून पुढे झाला. "माझ्या गळक्या छपराचा!"