आंबेहळदीचा लेप

लेकीला मार लागला तेव्हा मी आधी काय शोधलं असेल, तर सहाण. इंग्लंडात लीड्सला येताना आईनं बांधून दिलेली. अहो, आमच्याकडं मुका मार लागला की आंबेहळद उगाळून लावतात, दुसरं काय करतात?

दोन हजार चार-पाचची गोष्ट. शुक्रवारी दुपारी लेक बसनं एकटीच आली. जावयानं दंड पिरगाळला होता. दंड वांग्यासारखा काळानिळा, टम्म सुजलेला. लग्नाच्या सात वर्षांत पहिल्यांदा तिनं स्वतःहून पोलिसांना फोन केला.

पोलीसबाई घरी आली, सगळं लिहून घेतलं. म्हणाली, फोटो सोमवारी काढू, तोवर वळ नीट उमटतील. नुसता हात उगारला, थोडं खरचटलं, तर छोटा गुन्हा. अंगाला चांगलीच इजा केली तर मोठा, त्यात तुरुंग होऊ शकतो. लेक मला मराठीतून समजावत होती आणि मी मान हलवत उगाळत होते.

"आई, राहू दे गं. फोटो काढायचेत."

"गप बस. फोटोला दुखतंय का तुला दुखतंय?"

तीन दिवस, दिवसातून चारदा लेप. डॉक्टरकडं जाते म्हणाली, तर मीच म्हटलं, तो काय देणार, पॅरासिटामॉल.

सोमवारी पोलिसांच्या फोटोवाल्यानं दंड साबणानं धुवायला लावला. पिवळं काही जाईना. सूज उतरलेली, निळं होतं तेही हळदीत बुडालेलं.

पुढं कळलं, गुन्हा छोटाच लावला. डॉक्टरचा कागद नाही, फोटोत धड दिसत नाही. जावयानं कोर्टात कबूल केलं आणि काही तास बागा झाडायची शिक्षा घेऊन बाहेर आला.

इथल्या मराठी मंडळात एक बाई मला म्हणाल्या, "साधीच केस होती म्हणे. आम्ही आपले उगाच घाबरलो." लेक शेजारीच बसली होती.

महिन्याभरात ती त्याच्याकडं परत गेली. "मोठा गुन्हा लागला असता तर त्याला लांब ठेवला असता गं," एवढंच बोलली. माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं.

आता येते ती लांब बाह्या घालून, उन्हाळ्यातसुद्धा. विचारलं तर म्हणते, काही नाही. परवा चहाचा कप तिनं डाव्या हातानं उचलला. उजवा मांडीवर तसाच. मी सहाणेकडं पाहिलं, तिनं माझ्याकडं पाहिलं, आणि मी बसूनच राहिले.