बाजेचे कर्ण

नुसतं 'चौकोनी' म्हटलेलं बाईला चालायचं नाही. बाई म्हणजे माझी बायको. ढाणकीजवळच्या आमच्या गावात ती गणित शिकवायची, सगळं गाव तिला बाई म्हणायचं, मग मीही म्हणू लागलो. तिला पाहायला गेलो तेव्हा आमच्या मामांनी ऐटीत सांगितलं, "पोराचं घर चांगलं चौकोनी आहे." हातात चहाचा ट्रे, आणि ही म्हणते, "कोणता चौकोन? आयत का समलंब?" मामा गार! मला तिथंच हसू फुटलं आणि लग्न ठरलं.

एका जागी बसणं तिच्या कुंडलीतच नव्हतं. संक्रांतीला वड्या कापल्या की शेजारणी ताटकळत बसायच्या आणि ही प्रत्येक पोरासमोर वडी नाचवत फिरायची. "चारी बाजू सारख्या, पण कोपरे पाह्य. काटकोन आहे काय? नाही ना? मंग हा समभुज. चौरस कायले म्हणतं?" "अगं, खाऊ दे की त्यांना!" मी ओरडायचो. ऐकते कसली!

समांतरभुज मला बाजेनं शिकवला. अंगणातल्या आमच्या बाजेचे सांधे सैल झाले आणि ती एकीकडे कलली. मी टेपनं चारी लाकडं मोजली आणि जाहीर केलं, "समोरासमोरची सारखी आहेत. आयतच आहे, झोप मुकाट्यानं." बाईनं कपाळावर हात मारला. "लाकूड कशानं आखूड होईन? कोन गेले ना! कर्ण मोजा." सुतळी निघाली. या कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत, मग दुसरीकडून. एक लांब, एक आखूड. मी म्हटलं, सुतळीचं टोक कोपऱ्याला बांधून टाकू. "गाठ सरकते. धरा तिकडून." कोपरा ढकलायचा, पाचर ठोकायची, पुन्हा मोजायचं. दोन्ही कर्ण जुळेपर्यंत तिनं मला जेवू दिलं नाही.

मागच्या उन्हाळ्यात तिचं हृदय बिघडलं. यवतमाळच्या दवाखान्यात डॉक्टरांनी बजावलं, अजिबात हलायचं नाही. बाईला! नुसती तगमग तिची, आणि बाहेर माझ्या येरझारा. तिचा एकच धोशा, "मले घरी न्या. मले आपल्या बाजेवर झोपाचं आहे." मला भीती वाटायची, ही घर पाहते की नाही. शेवटी सोडलं. दारातच धाप लागली, तरी म्हणाली, "बाज कलली दिसते. सुतळी आणा." मी चिडलो, "आधी पड तू!" छे! खुर्चीत बसून तिनं एक टोक धरलं, मी खुर्ची या कोपऱ्यावरून त्या कोपऱ्याला सरकवली, पाचर ठोकली. कर्ण जुळले. "आता झाला आयत," म्हणाली आणि आडवी झाली. आठवडाभर ती तिथं शांत झोपली. मग गेली.

पावसाळा सरला आणि बाज पुन्हा कलली. पोरगी म्हणते, बाबा, लोखंडी पलंग घ्या. कायले घेऊ? घरात बसवत नाही, अंगणात करमत नाही. काल चिडचिड करत सुतळी काढली, एक टोक कोपऱ्यावर दाबून धरलं, दुसरं समोरच्या कोपऱ्याकडे फेकलं आणि सवयीनं ओरडलो, "बाई, धर तिकडून!"