वहिनीसाठी केलेली यादी

"रडेल शे ती. डोया लाल शेतस."

आई मागच्या पडवीत वडिलांना हळू आवाजात सांगत होती. मी आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होते.

"कांदा कापेल व्हई," वडील म्हणाले.

"दुपारना तीन वाजता कोन कांदा कापस?"

मी हातातला टॉवेल घेऊन तशीच बसून राहिले. वहिनी का रडली हे घरात फक्त मला माहीत होतं. तिने एकसष्टावा भाग पाहिला होता.

वहिनी आमच्या घरात येऊन तेव्हा चार महिने झाले होते. ती माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, पण मी नणंद म्हणून मला ताई म्हणते, अहो-जाहो करते. घरात सगळ्यांशी अहिराणी बोलते आणि माझ्याशी मात्र शाळेतल्यासारखं मराठी. मी शहाद्याला इंग्लिश मीडियमला शिकले, म्हणून असेल. पहिले काही आठवडे आम्ही एकमेकींशी भाजी, पाणी आणि चार्जर एवढ्यावरच बोलत होतो. आमच्या कळसाडी गावात बायका संध्याकाळी ओट्यावर बसतात तेव्हा मी सहसा आत असते, मोबाइलवर माझी जपानी मालिका लावून. आठवीपासून पाहते आहे. घरच्यांच्या लेखी ते कार्टून. काय आहे, कशाबद्दल आहे, असं कोणी कधी विचारलं नव्हतं.

एकदा वहिनी मेथीची जुडी घेऊन शेजारी येऊन बसली. निवडता निवडता माझ्या स्क्रीनकडे बघत राहिली. मग म्हणाली, "ताई, हे पहिल्यापासून बघायचं तर कुठून लावायचं?"

मी म्हटलं, उद्या सांगते. प्रत्यक्षात तीन दिवस घेतले.

त्याचं कारण असं, की या मालिकेची सुरुवात एका ठिकाणी नाही. गोष्ट समुद्रातल्या बेटांवरच्या दीपगृहांची आहे. एक मुलगी एका तिरसट म्हाताऱ्याकडे दिवे सांभाळायला शिकते. हे मूळ भाग, चारशेच्या वर. पुढे कित्येक वर्षांनी म्हाताऱ्याच्या तरुणपणावर वेगळा सीझन आला. मध्ये तीन चित्रपट झाले. त्यातला एक गोष्टीला धरून आहे, दोन नसले तरी चालतात. शिवाय फिलर, म्हणजे मूळ गोष्ट पुढे जायची थांबली की वेळ काढायला घातलेले भाग. आणि वहिनीला इंग्रजी सबटायटल वाचायचा कंटाळा, त्यामुळे हिंदी डबिंग असलेलेच भाग हवेत, तेही फक्त पहिल्या शंभर भागांचं, पहिल्या चित्रपटाचं आणि तरुणपणाच्या सीझनचं आहे.

म्हणजे वहिनीसाठी रस्ते दोनच. मालिका ज्या क्रमाने निघाली त्या क्रमाने पाहायची, किंवा गोष्ट जशी घडली तशी, म्हणजे तरुणपण आधी. इंटरनेटवर यावरून लोक वर्षानुवर्षं भांडतात. मीही तिथे खोट्या नावाने पानपानभर लिहिलेलं आहे. माझं मत पक्कं होतं. तरुणपणाचा सीझन म्हाताऱ्याच्या थडग्यापासून सुरू होतो. तो आधी पाहिला तर म्हातारा जाणार हे पहिल्याच मिनिटाला कळतं आणि एकसष्टाव्या भागातला धक्का वाया जातो. मी तो भाग काही माहीत नसताना पाहिला होता. तसाच तो पाहायला हवा, असं मला वाटायचं. कुणाच्या तरी हातात पहिल्यांदाच ही मालिका देत होते, आणि ती बरोबर दिली जावी यासाठी मी फार काळजी घेतली.

वहीच्या पानावर यादी लिहून दिली. एक ते चौतीस. पस्तीस ते एकेचाळीस सोडा. मग पहिला चित्रपट. मग बेचाळीस ते शंभर. तरुणपण सगळ्यात शेवटी. वहिनीने पान घडी करून तांदळाच्या डब्याखाली ठेवलं आणि झालेल्या भागांवर पेन्सिलने टिक करायला लागली.

ती पाहायची दुपारी, आई शेतातून येऊन जेवून आडवी झाली की. एका कानात इयरफोन, दुसरा कान घराकडे. हातात तूर निवडायला घेतलेली. संध्याकाळी माझ्याशी बोलायची. "हा म्हातारा अगदी आमच्या आजोबांसारखा, चहा गार झाला की कपाबरोबर भांडतो." मी इतक्या वर्षांत त्या म्हाताऱ्याबद्दल कोणाशी तोंडाने बोलले नव्हते. मला ते बोलणं आवडायला लागलं होतं.

पन्नासाव्या भागानंतर तिने विचारलं, "ताई, हा मरतो का? आधी सांगून ठेवा."

"असं सांगायचं नसतं," मी म्हटलं. "मजा जाते."

"आमच्याकडे टीव्हीवर मालिका लागली की माय आधीच सांगायची, आज अमकी मरणार. आम्ही पदर धरून तयारच असायचो." ती हसत होती. मीही हसले आणि विषय बदलला. मला ते तेव्हा भोळेपणाचं वाटलं, हे कबूल करते.

तिने एकसष्टावा भाग पाहिला त्या दिवशी आईने तिचे डोळे पाहिले आणि विचारलं, "काय हुयनं व माय?" वहिनी म्हणाली, "काही नई." यापेक्षा वाईट उत्तर दुसरं नव्हतं. सासूला कार्टूनमधल्या म्हाताऱ्याचं काय सांगणार? आईने दादाला शेतात फोन लावला, "तू काय बोलना तिले?" तो बिचारा कापूस भरत होता. त्याने शपथा घेतल्या. आणि चार वाजता धानोऱ्याहून वहिनीच्या आईचा रोजचा फोन आला. वहिनीचा आवाज बसलेला. ती म्हणाली, सर्दी झाली. हेही उत्तर वाईटच.

संध्याकाळी मी तिला स्वयंपाकघरात एकटीला गाठून सॉरी म्हटलं.

"मरण्याचं नाही हो ताई," ती पोळी लाटता लाटता म्हणाली. "सांगितलं असतं तर तो भाग माहेरी गेल्यावर पाहिला असता. इथे रडून कसं चालेल?"

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. तिला धक्का टाळायचा नव्हता. कुठे बसून रडायचं ते तिला ठरवायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचे वडील आणि काका मोटारसायकलवर आले. अशा कामाला आमच्याकडे एकटा माणूस येत नाही. दोघं आले की घरातल्यांना कळतं, नुसतं भेटायला आलेले नाहीत. माझ्या वडिलांनी खुर्च्या टाकल्या. कापसाचा भाव झाला, विहिरीचं पाणी झालं. मग वहिनीचे वडील म्हणाले, "चार दिवस पोरीले लई जातस. तिनी मायले करमत नई."

आईचा चेहरा उतरला. सणवार नसताना सून चार महिन्यांत माहेरी गेली की गावात काय बोललं जातं, हे तिला माहीत होतं. "आम्हनं काही चुकनं का?" ती म्हणाली.

"आम्ही कोठे म्हन्तस?" काका म्हणाले. "पोर बोलस नई, म्हनीसन इचारी ऱ्हायनूत. जवाईबापू तरी सांगतीन."

दादा मान खाली घालून उभा होता. त्याच्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतंच, आणि तो जितका गप्प राहिला तितका गुन्हेगार दिसायला लागला. वहिनी दाराआड पदर घेऊन. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि मान हलवली, नको म्हणून. ती माझं नाव घेणार नव्हती. माहेरी न्यायची तिची कपड्यांची पिशवी अजून भरलेली नव्हती, पण थोड्या वेळात आईने ती भरायला सांगितलंच असतं.

पाहुण्यांसमोर माझं काम ठरलेलं आहे. चहा ठेवायचा आणि आत जायचं. मी ट्रे स्टुलावर ठेवला. आत गेले नाही. सगळे कपाकडे न बघता माझ्याकडे बघायला लागले होते.

"काका," मी म्हटलं, "वहिनीले कोनीच काय बोलनं नई. चूक मन्ही शे. मोबाइलमा एक कार्टून शे, त्यामा एक म्हातारा मरस. तिनी मले आधीच इचारं व्हतं, मरस का म्हनीसन. मले माहीत व्हतं, आनि मी सांगं नई."