मनोरला थांबलेले काका

माझे वडील मी लहान असतानाच वारले आणि काकांनी मला वाढवलं. त्यांना मूलबाळ नव्हतं. तारापूरजवळच्या आमच्या गावात त्यांची नारळाची वाडी होती. साठच्या दशकात वीज केंद्रासाठी किनाऱ्याची जागा मोजायला माणसं येऊ लागली, तेव्हा काका दिवसभर त्यांच्या साखळीमागे फिरत. वाडी आखणीबाहेर राहिली तर वणीच्या देवीला अनवाणी चालत येईन, असा नवस ते बोलले. वाडी राहिली. कुंपणापलीकडच्या शेजाऱ्याची गेली. त्यामुळे काकांना उघड आनंदही करता आला नाही. एवढंच म्हणाले, "आता जायला पायजे."

चैत्रात गावातून सातजण निशाण घेऊन निघाले. त्यांत काका आणि मी. मी तेवीस वर्षांचा होतो, मास्तरकीच्या नेमणुकीची वाट बघत घरी बसलो होतो. निशाण गावातल्या म्हाताऱ्या सुतारांच्या खांद्यावर होतं. ते गडावर अनेकदा जाऊन आले होते आणि त्यांचा नियम कडक होता. वेस ओलांडली की निशाण मागं फिरत नाही, आणि त्याच्यामागून चालणाऱ्यानं मागं वळून बघायचं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मनोरला पोचलो तेव्हा काकांची टाच फाटली होती. डांबर तापलेलं, जखमेत खडी गेलेली. ते वडाखाली बसले आणि पाय धरून राहिले.

"तुमी व्हा फुडं," ते म्हणाले. "मी पालघरची मोटार पकडतो. सांजपर्यंत घरी."

"मी येतो सोडायला," मी म्हणालो.

"मोटार हितंच थांबते," सुतार म्हणाले. "ते जातील. तू कशाला मागं फिरतोस?"

मी काकांकडे बघितलं. त्यांनी झोळीतून आमच्या वाडीतला नारळ काढून माझ्या हातात दिला. "माज्या नावानं फोड," म्हणाले.

खरं सांगायचं तर मलाही पुढेच जायचं होतं. जव्हारपलीकडचा मुलूख मी कधी बघितला नव्हता. त्यांचा तांब्या भरून दिला आणि निघालो. वळणावर मागं बघितलं नाही. नियम होता, आणि त्या दिवशी तो मला सोयीचाही होता.

पुढचे दिवस मोहाच्या वासाचे आणि उन्हाचे होते. जव्हार, मोखाडा, त्र्यंबक. नाशिकला गोदावरीत आंघोळ करून एक दिवस विसावा घेतला आणि पुढे दोन दिवसांनी सकाळी गड चढायला लागलो. वाटेवर माणसांची रीघ होती. अर्ध्या चढावर असताना खालच्या वळणावरून हाक आली, "ए पोरा!" काका मला अशीच हाक मारत. पण त्या गर्दीत पोरं शेकडो होती, आणि काका घरी होते.

मी थबकलो. सुतार म्हणाले, "बघू नको. चाल."

मी चाललो. वर पोचल्यावर आमच्यातले दोघं ढसाढसा रडले. सुतारांनी निशाण देवीपुढे टेकवलं आणि लहान मुलासारखे पायरीवर बसून राहिले. मी काकांच्या नावानं नारळ फोडला. इतके दिवस ज्या क्षणासाठी चाललो तो आला, तेव्हा मला काहीच वाटलं नाही. पाय थांबले होते, पण कोणीतरी अजून चालतंय असं सारखं वाटत होतं.

दुपारी उतरून एसटी धरली. नाशिक, मग जव्हारवरून पालघर. चालून आलेला सगळा रस्ता उलटा खिडकीतून जात होता आणि मी झोपलो होतो.

घरी काकी अंगणात सुपारी वाळवत होती. ती माझ्या मागं बघत राहिली.

"ते कुठं हायत?"

"काका? ते तर मनोरहूनच परत आले ना?"

तिच्या हातातलं सूप तसंच राहिलं. "नाय," ती म्हणाली. "हितं कोणी आलं नाय."

पालघरचं स्टेशन, दवाखाना, पोलीस ठाणं असं सगळं पालथं घातलं. मग मी मनोरला गेलो. वडासमोरच्या दुकानदाराला काका आठवत होते. पालघरची मोटार आली आणि गेली, तो म्हणाला, ते चढले नाहीत. धोतराचा काठ फाडून टाचेला बांधला आणि जव्हारच्या रस्त्याला लागले. "म्हनले, नवस मी बोललो, नारळ दुसऱ्याच्या हातानं कसा फुटंल?"

मी तिथूनच पुढे चालत गेलो. मोखाड्याला विहिरीवरच्या एका बाईनं त्यांना पाणी दिलं होतं. "निशाण कवा गेलं, असं इचारत होते," ती म्हणाली. "काल गेलं म्हटलं, तर बसलेच नाय." त्र्यंबकच्या धर्मशाळेतला माणूस म्हणाला, तुम्ही सकाळी निघालात, ते त्याच संध्याकाळी आले. म्हणजे एका लंगड्या माणसानं आमच्यातलं अंतर निम्म्यावर आणलं होतं. आणि त्यानंतर नाशिकला आम्ही एक दिवस थांबलो होतो.

त्र्यंबकच्या पुढे त्यांना कोणी बघितलं नव्हतं.

मी पुन्हा गडावर गेलो. जत्रा उठली होती. वाटेवर सुकलेली फुलं, नारळाच्या शेंड्या. पुजाऱ्यांना विचारलं, फुलवाल्यांना विचारलं. जत्रेत लाखभर तोंडं, कोण लक्षात ठेवणार? ते हाकेचं वळण मी शोधून काढलं आणि तिथं उभा राहिलो. खाली दरी होती, झाडं होती. झाडीत उतरून बघितलं. दोन दिवस बघितलं.

काकीला मी मोखाडा आणि त्र्यंबक सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "तुमी त्यांना लांबून तरी दिसला असाल का रे?"

"माहीत नाही," मी म्हणालो. हाकेचं सांगितलं नाही. पुढेही कधी सांगितलं नाही.

तिनं शेवटपर्यंत कुंकू पुसलं नाही. गावानंही तिला तसं करायला लावलं नाही. पुढच्या चैत्रात सुतार निशाण घेऊन आमच्या दारापर्यंत आले आणि तिथूनच परत गेले. त्या वर्षी निशाण निघालं नाही.

मला बोईसरच्या शाळेत नोकरी लागली. स्टेशनपासून शाळेपर्यंत चालत जातो. मागून कोणाचा पाय ओढल्याचा आवाज आला की मी रस्त्याच्या कडेला होऊन थांबतो आणि त्या माणसाला पुढे जाऊ देतो. सोबतची माणसं सुरुवातीला विचारायची, काय झालं मास्तर? आता विचारत नाहीत.